बुवांचा घोट

आमच्या भावजींनी ऐन वैशाखात घरामागे खड्डा खणला आणि त्याला पाणी पाजायला सुरुवात केली. झाड लावलं असतं तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. म्हैस बांधली असती तर चहाला दूध तरी झालं असतं. पण खड्ड्यात होता कोळसा, खडेमीठ, तांब्याचा एक पत्रा, आणि त्या पत्र्यापासून निघून खिडकीतून घरात आलेली एक हिरवी तार. तारेच्या दुसऱ्या टोकाला माझ्या सासूबाईंचा नागलीच्या पिठाचा स्टीलचा डबा होता. भावजींचं म्हणणं असं, की त्या डब्यात त्यांचं नशीब आहे. पीठ तेव्हा पिशवीत होतं.

आमचा पाडा सूर्यमाळच्या वरच्या अंगाला. होळी झाली की विहिरीचा तळ दिसतो. मग टँकर येतो, म्हणजे यायचा असला की येतो, विहिरीत पाणी ओततो, आणि आम्ही बाया दोर सोडून तेच पाणी पुन्हा वर काढतो. टँकरमधून सरळ हंड्यात का नाही, असं मी एकदा ग्रामसभेत विचारलं होतं. तेव्हापासून कविता जरा जास्तच शिकली आहे, असं पाड्यात ठरून गेलं. कविता म्हणजे मी. अंगणवाडी सेविका. नवरा मंगेश ठाण्याला बांधकामावर असतो. घरात मी आणि सासूबाई, आणि मे महिन्याच्या सुट्टीत भावजी.

सासूबाईंचं नाव ठकी. त्यांना जगातल्या कुठल्याही गावाबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. मुंबई असो, दिल्ली असो, नाहीतर भावाची नात दिलेलं गाव असो, त्या विचारणार, ‘तिथं पाणी हाय का?’ माझं लग्न ठरताना माझ्या माहेरच्यांनी जमीन विचारली, घर विचारलं, मुलाचं व्यसन विचारलं. नेमकं हेच विचारायचं राहून गेलं.

भावजींचं नाव देवानंद. जव्हारच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मदतनीस आहेत. मुलांचे प्रयोग मांडून द्यायचे, बिघडलेली मीटरं उघडून दुरुस्त करायची आणि प्राध्यापक आले की बाजूला उभं राहायचं, हे त्यांचं काम. त्यांनी दुरुस्त केलेल्या यंत्राखाली सही प्राध्यापकांची. ह्याबद्दल ते कधी तक्रार करत नसत, पण घरी आले की स्वतःच्या जेवणाच्या ताटाखालीसुद्धा खिळ्याने नाव कोरून ठेवायचे. मला ते दिसायचं.

तर ह्या माणसाला दोन वर्षांपूर्वी हेडफोनचा नाद लागला. दुकानात मिळतो तो नाही. इलेक्ट्रोस्टॅटिक. मला त्यांनी समजावून सांगितलं ते असं. साध्या हेडफोनात लोहचुंबक असतो आणि तारेचं वेटोळं. ह्यात तसलं काही नाही. भोकं पाडलेल्या दोन चकत्या, त्यांच्या मधे ताणून बसवलेला एक पापुद्रा, दुधावरच्या सायीहून पातळ. त्या पापुद्र्याला पाच-सहाशे व्होल्ट द्यायचे. मग चकत्यांवर गाण्याप्रमाणे वीज कमी-जास्त होते आणि पापुद्रा थरथरतो. ही वीज पुरवणारं यंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर, आणि ते हाताने बनवायचं, कारण तयार घ्यायचं म्हटलं तर आपल्या सात पिढ्या पुरणार नाहीत.

‘म्हणजे तुम्ही सहाशे व्होल्ट कानाला लावून गाणं ऐकणार,’ मी म्हटलं.

‘वहिनी, करंट जवळजवळ नसतो,’ भावजी म्हणाले.

‘आमच्याकडे व्होल्टेजही जवळजवळ नसतं. तेवढी काळजी मिटली.’

मोखाड्याच्या सुताराकडून त्यांनी सागाच्या दोन वाट्या करून घेतल्या. तो पोळपाट-लाटणी करणारा माणूस. त्याला काम चांगलं जमलं, फक्त खाली तीन पाय लावून देऊ का, हे तो शेवटपर्यंत विचारत होता. पापुद्रा ताणायला सायकलची ट्यूब वापरली. कानाला मऊ लागावं म्हणून माझ्या जुन्या मखमली ब्लाऊजच्या बाह्या गेल्या. आणि सगळं यंत्र कशात बसवायचं, तर लोखंडी पेटी हवी तशी मिळेना, म्हणून सासूबाईंचा डबा. झाकणाला भोकं पाडून दिवे, बटणं, सगळं बसवलं. दिसायला सुरेख होतं, खोटं का बोलू.

ह्या सगळ्याच्या मागे होता एक व्हॉट्सअॅप ग्रुप, आणि ग्रुपच्या मागे होते पुण्याचे सर. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. ते पूर्वी काय करायचे हे कोणाला ठाऊक नव्हतं, आता ऐकायचे. सर आवाजी निरोप पाठवत आणि भावजी ते जेवताना लावत. सर शब्द चाखून चाखून बोलत. अमक्याच्या सेटमध्ये आवाजाला हवा नाही. तमक्याच्या सेटमध्ये तबला आणि तंबोरा एकमेकांच्या मांडीवर बसलेत. शांतता काळी पाहिजे, ह्याची राखाडी आहे. मी एकदा विचारलं, गाणं कसं होतं हे सर कधी सांगतात का. भावजी म्हणाले, ते वेगळं.

सरांची एक परीक्षा होती. त्यांच्याकडे कुठल्याशा जुन्या बुवांच्या मैफिलीचं रेकॉर्डिंग होतं. तंबोरे सुरू होतात, आणि पहिला सूर लावण्याआधी बुवा घोटभर पाणी पितात. साध्या हेडफोनात नुसते तंबोरे ऐकू येतात. बऱ्या सेटमध्ये भांडं खाली ठेवल्याचं ऐकू येतं. आणि ज्या सेटमध्ये तो घोट बुवांच्या गळ्यातून खाली उतरताना ऐकू येतो, तो सेट पास. पास झालेला सेट पुण्याच्या वार्षिक मेळाव्यात टेबलावर मांडायचा, आणि टेबलावर बनवणाऱ्याच्या नावाची पाटी. कसाऱ्याच्या अलीकडच्या माणसाचं टेबल आजवर लागलेलं नव्हतं.

भावजींना ती पाटी हवी होती. माणसाला काय हवं असावं ह्यावर हसता येतं आणि मी भरपूर हसले, पण किती हवं होतं ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. तिथे मला हसू यायचं नाही.

अडचण अशी, की डबा गुणगुणायचा. बटण दाबलं की कानात गुंऽऽ सुरू. तंबोऱ्याच्याही खाली, सारखं. यंत्र जव्हारला होतं तेव्हा भावजींना वाटलं शहरातल्या विजेचा दोष, म्हणून सुट्टीत उचलून इथे आणलं. इथेही तेच. सासूबाईंच्या कानाला लावलं तर त्या लक्ष देऊन ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आत पाणी तापाया ठेवलंय.’ दुसऱ्या दिवशी सवयीने पीठ घ्यायला डब्याला हात लावला, तर झिणझिण्या आल्या. तेव्हापासून त्या डब्याला बांबूच्या काठीने लांबूनच ढोसत आणि म्हणत, ‘माझ्या डब्यात काय कोंडून ठेवलंस रं?’

ग्रुपवर निदान झालं, अर्थिंग नाही. भिंतीवरच्या बोर्डाला तिसरं भोक असतं ना, ते जमिनीशी जोडलेलं असावं लागतं. भावजींनी आमच्या बोर्डाची तार शोधत नेली. ती भिंतीतून बाहेर आली होती, आणि बाहेर कुडाच्या भिंतीत मारलेल्या एका खिळ्याला गुंडाळून, वर छान गाठ मारून ठेवली होती. वीज आली त्या वर्षापासून आम्ही त्या खिळ्याला दुधी भोपळा टांगत होतो.

म्हणून खड्डा. कोळसा, मीठ आणि तांब्याचा पत्रा घालून भावजींनी तो बुजवला आणि वरून आत पाणी सोडायला एक नळी ठेवली. कारण कोरड्या मुरमाला वीज ओढता येत नाही, माती ओली लागते. पहिल्या दिवशी त्यांनी मला न विचारता एक हंडा ओतला.

मी अंगणवाडीतून आले आणि पाहिलं. त्या दिवशी मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तो हंडा मी पहाटे नंबर लावून, शेजारच्या रुपीशी भांडून, पायाचा अंगठा ठेचकाळून आणलेला होता. ‘भावजी,’ मी शेवटी म्हटलं, ‘तुमच्या मातीला तहान लागली असेल तर तिला सांगा, बायांच्या रांगेत उभी राहा.’

ते खाली मान घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, ‘वहिनी, एकदा ऐका. मग फेकून देतो.’

मी हेडफोन घातला, केवळ भांडण पुरं करायचं म्हणून. गुणगुण नव्हती. काहीच नव्हतं. असं गप्प मी कधी ऐकलंच नव्हतं. आमच्याकडे रात्रीसुद्धा किडे असतात. मग त्या नसण्यातून तंबोरे निघाले, एक डावीकडे, एक उजवीकडे. भांडं उचलल्याचं ऐकू आलं. आणि बुवा पाणी प्याले. घोट तोंडात गेला, क्षणभर थांबला, आणि गळ्यातून खाली उतरला. माझ्या स्वतःच्या घशाला कोरड पडली. म्हातारा माणूस माझ्या शेजारी बसून पाणी पितोय आणि त्याला कसली घाई नाही, असं वाटलं. मला फार बरं वाटलं. ते मी भावजींना सांगितलं नाही. म्हटलं, ‘ठेवा. पण प्यायच्या पाण्याला हात लावायचा नाही. वापरलेलं घ्या.’

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरचं सगळं सांडपाणी खड्ड्याचं झालं. जेवण झालं की हात खड्ड्यावर धुवायचे. तांदूळ धुतलेलं पाणी खड्ड्याला. आंघोळीचा दगड उचलून खड्ड्याशेजारी नेला, त्याला गोणपाटाचा आडोसा केला. कोणी भेटायला आलं की भावजी त्याला मागच्या बाजूला नेऊन पाय धुवायला लावत. पाड्यावरच्या बाप्यांना त्यांनी आणखी एक विनंती केली होती, मीठ आणि पाणी दोन्ही एकदम मिळतं म्हणून. मी अंगणवाडी सेविका असल्यामुळे ती इथे लिहीत नाही. बाप्यांनी मात्र मोठ्या मनाने सहकार्य केलं.

शांतता काळी झाली. भावजींनी ग्रुपवर कळवलं, घोट ऐकू येतो. ग्रुपवर कोणी विश्वास ठेवला नाही. सरांनी निरोप पाठवला, ‘मी स्वतः येतो. डोंगरातली शांतता एकदा अनुभवायची आहेच.’

सर यायचे त्या आठवड्यात टँकर आला नाही. कोणी म्हणालं गाडी नादुरुस्त, कोणी म्हणालं ड्रायव्हरच्या घरी लग्न. आमच्या घरात निळा ड्रम होता, त्यात निम्म्याहून कमी पाणी, आणि पुढचं कधी ह्याचा पत्ता नाही. आंघोळी बंद झाल्या. ताटं राखेने घासून पुसून ठेवायला लागलो. खड्ड्याला मिळेल असं काही उरलंच नाही. बाप्येसुद्धा आटले.

भावजींनी माझ्यासमोर आईच्या पायाला हात लावून सांगितलं, ‘ड्रमला हात लावणार नाही.’ आणि नाहीच लावला, हे मुद्दाम लिहिते. सकाळीच मोटरसायकलला दोन कॅन बांधून ते खाली ओढ्याच्या डबक्यावर गेले आणि भरून आणले. पाणी गढूळ होतं. गाळाने नळी बुजेल म्हणून त्यांनी ते घमेल्यांत ओतून खड्ड्याशेजारच्या आडोशामागे निवळायला ठेवलं आणि सरांना घ्यायला वळणापर्यंत गेले. मग रुपीच्या शेळ्या आल्या. मी परसात होते, मला दिसत होतं. त्या शेळ्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. मी हाकललं नाही. रुपीशी माझं पटत नाही, पण तिच्या शेळ्यांनी माझं काय वाईट केलं होतं?

सर आले इगतपुरीवरून, खोडाळ्यामार्गे, थंडगार गाडीतून. अंगात पांढरा सुती झब्बा, पायात कोल्हापुरी, हातात पाण्याची मोठी बाटली. उतरल्या उतरल्या त्यांनी डोळे मिटून दोन्ही कान डोंगराकडे केले. ‘अहाहा,’ ते म्हणाले, ‘काय ही शांतता.’ शांतता अशासाठी होती, की पाड्यातली निम्मी माणसं कामाला बाहेर गेली होती आणि उरलेल्या बाया विहिरीवर टँकरची वाट बघत बसल्या होत्या.

सासूबाई दारात तांब्या घेऊन उभ्या. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी. पाणी घेतल्याशिवाय त्याला कोण, कुठला, कशाला आला हे विचारायचं नाही, तसं विचारणं म्हणजे दारातून परत पाठवल्यासारखं. तांब्या ड्रममधल्या पाण्याने भरलेला, काठोकाठ, कारण पाहुण्याला अर्धा तांब्या देत नाहीत.

‘नको आजी, माझं आहे,’ सर बाटली दाखवून म्हणाले. ‘बाहेरचं पाणी मला सोसत नाही. गाडीतल्या बाकीच्या घाटातच संपल्या, ही शेवटची.’

सासूबाईंना कळेना. त्यांना वाटलं, पाहुणा लाजतोय. त्या बाजूला झाल्या, पण तांब्या खाली ठेवला नाही. पाणी घेतलेलं नाही म्हणजे बोलणंही नाही. सर ओट्यावर चढले, त्या मागे. सर खड्डा बघायला मागे गेले, त्याही मागे, तांब्या धरून, मुक्याने.

खड्ड्याशी सर वाकले. ‘हेच का ते अर्थिंग?’ त्यांनी छाती भरून श्वास घेतला. ‘मातीला कसा खरा वास असतो इकडे.’ भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही, मी भावजींकडे बघितलं नाही.

मग सर खाटेवर बसले, बाटली शेजारी ठेवली, चष्मा काढला, हेडफोन चढवला. भावजींनी बटण दाबलं आणि हात मागे बांधून उभे राहिले, लॅबमध्ये उभे राहतात तसे. सरांच्या कपाळाला आठी पडली.

‘गुणगुण आहे, देवानंद.’

‘एक मिनिट, सर.’ भावजी मागे धावले. घमेली रिकामी होती आणि एक शेळी तळ चाटत होती. ते तसेच परत आले. त्यांनी ड्रमकडे पाहिलं. मी ड्रमला पाठ लावून उभी होते. त्यांनी लगेच नजर काढून घेतली. ‘सर, जरा थांबाल? खाली जाऊन पाणी घेऊन येतो. गाडीवर. तासाभरात.’

‘अरे, मला अंधाराच्या आत घाट उतरायचाय. तुझ्या ह्या यंत्राला लागतं किती पाणी?’

‘थोडंसं चालेल, सर. पण ते...’

एवढ्यात सासूबाई पुन्हा पुढे आल्या. म्हाताऱ्या माणसाला काय कळतं, पाणी हा शब्द तेवढा कळला. त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या सरांच्या समोर धरला. आणि सरांनी तो घेतला.

सासूबाईंचा चेहरा काय उजळला. केवढा वेळ त्या तांब्या धरून फिरत होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या खाली बसायला लागल्या, आता बोलायला हरकत नाही म्हणून.

सर तांब्या घेऊन मागे गेले आणि नळीत ओतला. शेवटचे चार थेंबसुद्धा झटकले. रिकामा तांब्या येता येता खिडकीत ठेवला, हेडफोन चढवला, डोळे मिटले.

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, नुसते सर दिसत होते. त्यांचं बोट वर झालं. ओठ उघडले. मग त्यांचे डोळे खरोखर पाण्याने भरले. ‘घोट,’ ते कुजबुजले. ‘उतरताना ऐकला. वीस वर्षांत असा नव्हता ऐकला.’ त्यांनी भावजींचा हात धरला. ‘देवानंद, टेबल तुझं. पहिल्या रांगेत. पाटी मी स्वतः लिहीन.’

मला भावजींचा आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण सासूबाई खिडकीतला तांब्या उचलून त्याच्या आत बघत होत्या. घरी आलेल्या माणसाने दिलेलं पाणी ओतून टाकावं, असं आमच्याकडे वैर असलेल्या घरातसुद्धा होत नाही. त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, ‘कविता, आपलं काय चुकलं का गं?’

ते भावजींनी ऐकलं. हेडफोन सरांच्या कानावर होता, भावजींचे कान मोकळे होते.

कोरड्या मुरमाला तांब्याभर पाणी किती पुरणार. बुवांचा आलाप जरा रंगात येतो न येतो तोच सरांना पुन्हा आठी पडली. ‘आली परत. देवानंद, अजून एक तांब्या. तो ड्रम भरलेला दिसतोय.’

‘ते प्यायचं आहे,’ मी म्हटलं.

‘हो हो. एकच तांब्या हो, बाई. घोट पुन्हा एकदा ऐकतो आणि लगेच ग्रुपवर सांगतो. याच्याच भल्याचं आहे.’

माझ्या डोक्यात सणक गेली. तोंड उघडणार एवढ्यात भावजी खाटेपाशी गेले. त्यांनी सरांची बाटली उचलली. झाकण फिरवलं. शांतपणे मागे गेले, लॅबमध्ये काचेच्या नळ्या भरतात तसं बेताने, एक थेंब बाहेर न सांडता, सगळी बाटली त्यांनी नळीत ओतली.

सर खिडकीतून बघत होते. ‘अरे, अरे! ते प्यायचं पाणी आहे!’

भावजी परत आले, रिकामी बाटली जिथे होती तिथे ठेवली, झाकण लावून. ‘आता ऐका, सर,’ ते म्हणाले. ‘आता बराच वेळ गुणगुण येणार नाही.’ टेबल गेलं, हे त्यांना बाटली उचलतानाच कळलं होतं. मलाही कळलं. ह्या माणसाला मी दोन वर्षं टोचून बोलले, पण त्या वेळी मला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांना पदर लावावा लागला.

सरांना उठून जाता आलं असतं. पण हेडफोन कानावर होता आणि शांतता काळी होती, आणि ऐकणं हे तर त्यांचं काम. बुवा पुन्हा पाणी प्याले. सरांनी पुन्हा लावलं, बुवा पुन्हा प्याले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आमच्या घरावरचे पत्रे तापून कडकड वाजत होते. सरांची जीभ ओठांवरून फिरली. त्यांनी बाटलीकडे हात नेला आणि मागे घेतला. बुवा आणखी एकदा प्याले, सावकाश, भांडं ठेवून. सरांनी हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

टेबलाचं नाव पुन्हा निघालं नाही.

‘आजी,’ सर घसा खाकरून म्हणाले, ‘जरा... पाणी मिळेल का?’

सासूबाई ताडकन उठल्या. त्यांनी माझ्यापुढे तांब्या धरला. नाही म्हणावं, असं माझ्या मनात आलं. चांगलं दोनदा आलं. मग मी बाजूला झाले आणि ड्रमवरचं झाकण काढलं. त्यांनी तांब्या बुडवला, काठोकाठ भरला, ड्रमच्या तळाला खरवडल्यासारखा आवाज झाला. दोन्ही हातांनी त्यांनी तो पुढे केला.

सर प्याले. तोंड लावूनच प्याले, थांबले नाहीत, झब्ब्यावर ओघळ आले तरी थांबले नाहीत. त्यांच्या गळ्यातून प्रत्येक घोट खाली उतरताना आम्हाला ऐकू येत होता, मला, सासूबाईंना, भावजींना, दारात येऊन उभ्या राहिलेल्या रुपीला. त्याला हेडफोन लागला नाही.

रिकामा तांब्या घेऊन सासूबाई समोर खाली बसल्या, मांडी घालून, ऐसपैस. आता पाहुण्याने पाणी घेतलं होतं. आता बोलायला मोकळीक होती.

‘सांगा,’ त्या म्हणाल्या. ‘गाव कंचं तुमचं?’

‘पुणे,’ सर तोंड पुसत म्हणाले.

‘तिथं पाणी हाय का?’

सरांनी ड्रमकडे पाहिलं, मग हातातल्या रुमालाकडे.

‘आहे.’

‘मंग बरं हाय,’ सासूबाई म्हणाल्या.